पाड्यापर्यंतचा रस्ता

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांची खडखड आणि गोदामांपुढे उभे कंटेनर. पण याच तालुक्यात, वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला, वारली-कातकरींचे पाडे आहेत. 2022च्या पावसाळ्यात दिघाशी परिसरातल्या एका पाड्यावरच्या गरोदर बाईला, रस्ता नसल्याने, झोळीतून दवाखान्यात न्यावं लागलं. वाटेतच ती बाळंत झाली. बाळ वाचलं नाही. मुंबई तिथून फार लांब नाही, बरं का!

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000ला सुरू झाली. सपाटीवर 500 आणि डोंगरी-आदिवासी भागात 250 लोकवस्ती, हा तिचा निकष. वीस-पंचवीस झोपड्यांचा पाडा त्यात बसायचा कसा? त्यात वाट खासगी किंवा वनखात्याच्या जमिनीतून जात असेल, तर काम अनेकदा अडतं.

रस्ता झाला की रुग्णवाहिका दारात येते, हे तर खरंच. शिवाय डोक्यावर पाटी घेऊन चिखल तुडवणारी बाई रिक्षाने भाजी बाजारात नेते, ती कोमेजायच्या आत. भाव ताजेपणावरच ठरतो. मुलींची शाळाही आषाढात सुटत नाही. मात्र खडी टाकताना मोरी बांधायची राहिली, तर पहिल्याच पावसात रस्ता ओढ्यात जातो.