दोन तासांची दिल्ली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बेगडेवाडी हे पुणे-लोणावळा मार्गावरचं, देहूरोडच्या पुढचं लहानसं स्टेशन. इथे लोकल तेवढी थांबते. डेक्कन क्वीन धडधडत निघून जाते. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसानं विमानाच्या वेळेवर बोलावं, हे जरा गमतीचंच. पण त्या वेळेनं मला एकदा चांगलंच फसवलं आहे.

माझे थोरले बंधू दिल्लीला रुग्णालयात होते. दुपारी बाराला पुतण्याचा फोन आला. "काका, बाबांचं काही खरं नाही. लगेच निघा. सव्वादोन तासांचं तर विमान आहे." त्यानं फोन दादांच्या कानाशी धरला आणि मी सांगून मोकळा झालो, "दादा, संध्याकाळी पोचतोच."

पुणे ते दिल्ली हवाई अंतर साधारण ११५० किलोमीटर. ताशी आठशेच्या वेगानं भागलं तर दीड तासही लागू नये. मग सव्वादोन तास कशाचे? तर वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी उभं राहीपर्यंतची असते. त्यात जमिनीवरून रांगत जाणं आलं, धावपट्टी मोकळी होण्याची वाट पाहणं आलं. लोहगावची धावपट्टी तर हवाई दलाची. वर चढायला वीसेक मिनिटं. उतरणं त्याहून सावकाश. पस्तीस हजार फुटांवरचं विमान मुक्कामाच्या सुमारे दोनशे किलोमीटर आधीच खाली यायला लागतं. आता गंमत पाहा, पुणे आणि मुंबईच्या विमानतळांमधलं सरळ अंतर जेमतेम १२५ किलोमीटर आहे! म्हणजे दिल्लीच्या विमानाचं नुसतं उतरणंच त्याहून लांब. पूर्ण उंचीवर, पूर्ण वेगानं ते उडतं कसंबसं तासभर.

हा हिशेब मी नंतर मांडला. त्या दिवशी वेगळाच हिशेब चालला होता. दुपारी लोकल विरळ. एकची मिळाली. शिवाजीनगरला उतरून रिक्षा केली, ती येरवड्याला अडकली. उड्डाणाच्या तासभर आधी खिडकी बंद होते, त्या बेतानं धापा टाकत पोचलो. पाचचं विमान, सव्वासातला दिल्ली. पुढे सामान, टॅक्सीची रांग, शहरातली गर्दी. रुग्णालयाच्या दारात उभा राहिलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि भेटीची वेळ आठला संपली होती.

पुतण्यानं पुष्कळ विनवण्या केल्या, पण आत सोडलं नाही. रात्रभर बाकावर बसून होतो. दादा संध्याकाळी पाचपासून दाराकडे पाहत होते, हे वहिनींनी तेव्हा सांगितलं.

सकाळी सहाला आत गेलो. दादा जागेच होते. मी हात हातात घेतला. आवाज अगदी खोल गेला होता, तरी म्हणाले, "काय रे, दोन तासांचं विमान ना तुझं?"