भूकंपानंतरची मुले

७ डिसेंबर १९८८ रोजी सकाळी ११ वाजून ४१ मिनिटांनी उत्तर आर्मेनियात भूकंप झाला, तेव्हा शाळा भरलेल्या होत्या. सुमारे २५,००० माणसे दगावली. त्यांत मुले पुष्कळ होती. श्रोतेहो, अशा आपत्तीतून वाचलेल्या मुलाला पुढे भिंतीचा तडा दिसला तरी धडकी भरते. तेच दृश्य स्वप्नात येते. वर्गातली रिकामी जागा पाहून ‘मीच का उरलो?’ हा प्रश्न त्याला छळतो. ‘पोर आहे, विसरेल’ ही वडीलधाऱ्यांची समजूत मायेपोटीची खरी, पण अपुरी.

ग्युमरी शहरातील काही शाळांत भूकंपानंतर दीड वर्षाने कुमारवयीन विद्यार्थ्यांना त्या दिवसाविषयी आणि गमावलेल्या माणसांविषयी बोलते करण्यात आले, कधी वर्गात सर्वांबरोबर, कधी एकेकट्याला. आणखी दीड वर्षाने पाहणी झाली, तेव्हा त्यांचा भयाचा त्रास उणावला होता. खिन्नता मात्र होती तेवढीच राहिली. ज्या शाळांत हे उपचार झाले नव्हते, तेथील मुलांचे भय आणि खिन्नता ही दोन्ही या काळात वाढलेली आढळली. आणि उपचार तरी केवढे? मोजक्याच बैठका, त्याही शाळेतच.