मुखचर्या आणि माणसाची पारख



पुतण्यासाठी मुलगी पाहावयास गेलो असता ती हसली नाही, एवढ्यावरून मी तिला गर्विष्ठ ठरविले. त्यापूर्वी चौघांनी तिला नापसंत केले होते, हे मागाहून कळले.

डार्विनने १८७२ साली मुखचर्येवर ग्रंथ लिहिला, तो भावनांविषयी. भावना ओसरते, स्वभाव राहतो. २००६ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील प्रयोगांत दिसले की, अनोळखी चेहऱ्याविषयी मत एक दशांश सेकंदात बनते. अधिक वेळ दिल्यास ते फारसे पालटत नाही, आपली खात्री मात्र वाढते. (आम्हां वडीलधाऱ्यांची पारख ती हीच!)

वधूवर मेळाव्यात निकाल पाच मिनिटांत लागतात. निदान दुसरी भेट घरच्या वर्दळीत व्हावी. धाकट्या भावंडांशी, मोलकरणीशी मुलगी कशी बोलते ते दिसेल. मुलालाही तसेच पाहावे.