कै. मनोहरभाई पटेल : आपल्या वस्तीतून पाहताना
(९ फेब्रुवारी रोजी विहारात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज गोंदिया शिक्षण संस्थेचे संस्थापक कै. मनोहरभाई पटेल यांची जयंती. त्यांचा जन्म १९०६ चा. दरवर्षी या दिवशी शहरात मोठा कार्यक्रम होतो, गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके देतात, बाहेरचे पाहुणे येतात. समितीने ठरवले की आपणही विहारात या माणसावर बोलावे, आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. तेव्हा बैठकीतच आपल्यातला एक पोरगा उभा राहिला अन् म्हणाला, "काका, बिडीच्या शेठचं गुणगान विहारात कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याला गप्प बसवायचे नाही. मी त्या प्रश्नालाच धरून बोलतो.

मी राईस मिलचा कामगार. शाळा नववीपर्यंत, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि मोर्चात. मनोहरभाई १९७० साली वारले, तेव्हा मी पाळण्यात होतो. म्हणजे मी त्यांना पाहिलेले नाही. त्यांच्या मागे जे राहिले ते पाहिले.

आधी बिडीचे बोलू, कारण ते आपल्या घरातले आहे. आपल्या भागात बिडीचा धंदा का वाढला? जंगलात तेंदूपत्ता भरपूर, गोंदिया रेल्वेचे मोठे जंक्शन, गुजरातच्या चरोतर भागातून तंबाखू मागवता येई, आणि हात स्वस्त. ते हात कोणाचे? आपल्या माय-मावश्यांचे. भूमिहीन माणसाला रोवणी-कापणी सोडली तर वर्षातून काम किती दिवस? बाकीचे दिवस बिडीवर. माझी माय मांडीवर सूप घेऊन बसायची. पाने रात्रीच भिजवायची, सकाळी कात्रीने कापायची, जर्दा भरायचा, गुंडाळायचे, तोंड मुडपायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. हजार बिड्या म्हणजे पहाटेपासून दिवा लागेपर्यंतचे काम, त्यातही आम्ही पोरे दोरा बांधायला बसलो तर. मग चेकर छाट काढणार. छाट काढलेल्या बिडीचे पैसे नाहीत, पण ती बिडी परतही नाही. माय ज्या ठेकेदाराकडे माल देई त्याचे नाव मी घेत नाही, तो काही मनोहरभाईंचा माणूस नव्हता. पण धंदा सगळीकडे याच रीतीने चालायचा, हे इथे बसलेल्या म्हाताऱ्या बायांना विचारा.

सरकारने बिडी कामगारांसाठी वेगळा कायदा केला तो १९६६ साली. कारखानदार त्याविरुद्ध कोर्टात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, तेव्हा कुठे घरी बसून बिडी वळणारी बाई ही सुद्धा कामगार आहे हे पक्के झाले. त्याच्या कितीतरी आधी आपल्या कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी मजुरांना एकत्र केले होते. ते १९३९ साली, पस्तिशीतच गेले. शेठचे नाव घेताना हे नाव राहून जाऊ नये म्हणून सांगितले.

आता दुसरी बाजू. मनोहरभाई स्वतः फार शिकलेले नव्हते. बिडीच्या धंद्यात पैसा मिळवला, राजकारणात गेले, आमदार झाले. असे श्रीमंत पुष्कळ होते. बहुतेकांनी धर्मशाळा बांधली, मंदिर बांधले. यांनी १९५८ साली शिक्षण संस्था काढली. साल लक्षात ठेवा. १९५६ ला नागपूरला आपण दीक्षा घेतली, त्यानंतर दोनच वर्षांनी. तेव्हा आपला भंडारा जिल्हा मुंबई राज्यात होता. (गोंदिया जिल्हा तर १ मे १९९९ ला झाला.) धर्म बदलल्याबरोबर केंद्राच्या लेखी आपण अनुसूचित जातीतून बाहेर पडलो. राज्याच्या सवलती महाराष्ट्र झाल्यावर, १९६० पासून मिळाल्या. केंद्राची दुरुस्ती १९९० साली, म्हणजे एक पिढी गेल्यावर. बाबासाहेब सांगून गेले होते शिका, पण शिकायचे कुठे? नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. तिथे खोली, जेवण, पुस्तके कोण देणार?

अशा वेळी गोंदियात धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय झाले, एन.एम.डी. कॉलेज झाले, खेड्यापाड्यांत हायस्कुले निघाली. घरची भाकर खाऊन, सायकलने किंवा पायी जाऊन कॉलेज करता येऊ लागले. आपल्या वस्तीतले पहिले मास्तर, पहिले रेल्वे क्लार्क, बँकेतले पहिले साहेब कुठून शिकून निघाले, आपापल्या घरी जाऊन विचारा. कॉलेज जवळ असणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी बसच्या भाड्याला पैसे नसतात त्यालाच कळते. मुलींच्या बाबतीत तर जास्तच. नागपूरला मुलगी कोणी पाठवली नसती.

ते काँग्रेसचे होते, हेही सांगायला पाहिजे. १९५४ साली बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पडले. ती जखम माझ्या बापाच्या पिढीने मरेपर्यंत सांगितली. त्यामुळे पुष्कळ जुनी माणसे काँग्रेसच्या कोणत्याही पुढाऱ्याचे नाव चांगल्या तोंडाने घेत नसत. पण पोरांना त्याच संस्थेत घातले, आणि मला वाटते, बरोबर केले. शाळा काही पक्षाची नसते.

बाघ आणि इटियाडोहच्या पाण्यासाठीही मनोहरभाईंनी जोर लावला असे शेतकरी आजही सांगतात. पण कालव्याचे पाणी शेत असणाऱ्याला. आपल्याकडे त्यातून आले ते रोवणीचे काम वाढले तेवढेच, म्हणून त्यावर मी जास्त बोलत नाही.

पोराच्या प्रश्नाकडे येतो. धम्मात शेठला जागा आहे की नाही? आहे. श्रावस्तीचा सुदत्त, ज्याला आपण अनाथपिंडिक म्हणतो, तो व्यापारीच होता. जेतवनाची जमीन मोहरा अंथरून विकत घेतली आणि संघाला दिली, ही कथा इथे प्रत्येकाला पाठ आहे. भगवंतांनी त्याचे दान स्वीकारले. पण त्याच भगवंतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला सांगितले की मालकाने नोकराशी कसे वागावे : अंगच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारपणात पाहावे, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. पाच गोष्टी आहेत. शेठला मोजायची दोन मापे आपल्याकडे आहेत, जेतवनाचे आणि सिगालाचे. पहिल्या मापात मनोहरभाई मोठे भरतात, यात मला शंका नाही. दुसऱ्या मापात बिडीचा सगळा धंदा, कोणत्याही मालकाचा असो, फार कमी भरला. एक माप दाखवून दुसरे लपवायचे नाही. आणि पोरांनो, तुम्हीही दुसरे दाखवून पहिले लपवू नका.

कोणी म्हणेल, शेठने दिले ते आपल्याच मजुरीतले. असेल. पण त्याच मजुरीचे बंगले बांधणारेही होते, त्यांच्या नावाने आज कोणी पदक घेत नाही.

माझी समितीला एक विनंती आहे, ती मांडून बसतो. आपल्या वस्तीत ज्या-ज्या बायांनी बिड्या वळून पोरे शिकवली, त्यांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत. बऱ्याच जणी गेल्या. मी एक जाड वही आणली आहे, ती ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवतो. बाईचे नाव, किती वर्षे बिडी वळली, आणि तिचे कोणते पोर कोणत्या शाळेत, कॉलेजात शिकले, एवढेच लिहायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातवाकडून लिहून घ्यावे. पहिल्या पानावर मी माझ्या मायचे नाव लिहिले आहे. मघाशी प्रश्न विचारणाऱ्या पोराने आपल्या आजीचे नाव आज जाण्याआधी लिहावे, पेन वहीतच ठेवला आहे.

जयभीम.