तुती तोडायची की छाटायची?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पार्किंगलगतचं तुतीचं झाड काढून टाकावं, असा अर्ज कमिटीकडे आला आहे. गाड्यांवर डाग पडतात, फरशी चिकट होते, माश्या घोंगावतात. तक्रार खरी आहे. तरी झाडाच्या बाजूने दोन शब्द बोलतो.

आपल्या भोर-वेल्ह्याचा रानमेवा म्हणजे करवंदं आणि जांभळं. ती येतात मे-जूनमध्ये. तुती त्याआधीच, उन्हाळ्याच्या तोंडाला पिकते. बाजारात ती क्वचितच दिसते, कारण तोडल्यावर दोन दिवसही धड टिकत नाही. म्हणजे तुती खायची तर झाड दारातच हवं. इथे वाढून पुण्या-मुंबईला गेलेली मुलं फोनवर अजून विचारतात, "तुती पिकली का हो?"

हे झाड मोठं चिवट. वड, उंबर, फणस हे तिचे भाऊबंद. रेशीमकिडे तिचाच पाला खाऊन कोश विणतात. एका कोशातून साधारण हजार मीटर धागा निघतो. त्या पाल्यासाठी शेतकरी तुती पुन्हा पुन्हा छाटतात आणि ती पुन्हा फुटते. आपल्यालाही हाच मार्ग आहे.

माझी सूचना अशी. फळं संपल्यावर, पहिल्या पावसात, गाड्यांवर आलेल्या फांद्या छाटू. 1975च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे झाड तोडायला नगरपालिकेची परवानगी लागतेच. छाटणीचंही आधी तिथे विचारून घेऊ. छाटलेल्या फांद्यांमधल्या पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार डोळ्यांच्या काड्या मागच्या भिंतीकडे लावू. आपल्याकडचा पाऊस जोराचा, म्हणून पाणी साचणार नाही अशी जागा बघू.

हंगामात रोज सकाळी झाडाखाली जुनी चादर अंथरून फांद्या हलवायच्या. पिकलेली फळं अलगद पडतात. एक किलो तुती, अर्धा किलो साखर, दोन लिंबांचा रस. मंद आचेवर आटवलं की जॅम तयार. लिंबू विसरू नका, त्यानेच तो नीट धरतो.

एवढं एक वर्ष करून पाहू. तरीही त्रास झाला, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत अर्ज पुन्हा घ्या. मागच्या भिंतीकडची रोपं मोठी होईपर्यंत तरी थोरलीला राहू द्या.