पोथी मागवण्यापूर्वी

हिवरखेड गाव तेल्हाऱ्याचं असो की मोर्शीचं, वऱ्हाडात एखाद्या घरी रुमालात बांधलेली जुनी पोथी निघाली तर नवल नाही. महानुभाव पंथाचं रिद्धपूर इथलंच. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र हा ग्रंथ तिथंच सिद्ध केला. मूळ प्रत लुटीत गेली आणि पुढे आठवणीतून पुन्हा लिहिली गेली, असं परंपरा सांगते. प्रतींमध्ये पाठभेद आहेतच. वि. भि. कोलते यांनी त्या ताडून केलेलं संपादन १९७८ साली छापून आलं.

आपली प्रत ताडून पाहायची तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेल्यावर पोथीच मागू नका. आधी छापील आवृत्ती वाचा, मग हस्तलिखितांची सूची पाहून क्रमांक टिपा. ओळखपत्र आणि शक्यतो विभागप्रमुखांचं पत्र जवळ असू द्या. हात स्वच्छ, कोरडे हवेत. टिपणं पेन्सिलीनं घ्या. बोटाला थुंकी लावून पान उलटायची आपली खोड मात्र घरीच ठेवून या! पानं सुटी असतात, त्यांचा क्रम मोडू नका. फोटोला परवानगी लागते, फ्लॅश बंद ठेवा.

अक्षरं मराठी दिसूनही अर्थ लागेना, तर ती महानुभावांची सकळ लिपी असू शकते. तीत अक्षरांची अदलाबदल असते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती उलगडली. आणि शेवटचं पान आधी पाहा. तिथं पुष्पिकेत, म्हणजे समाप्तीच्या मजकुरात, बहुधा नक्कल करणाऱ्याचं नाव आणि शक मिळतो. शकात ७८ मिळवा: शके १५८० म्हणजे इसवी सन १६५८. पण ते साल नकलेचं असतं, ग्रंथाचं नव्हे.