वडीलधाऱ्यांचा विसर आणि मुखत्यारपत्र

वडीलधाऱ्यांना विसर पडू लागला की पुष्कळ कुटुंबे मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ अन्वये, ते देणाऱ्याचे चित्त ठिकाणावर राहिले नाही की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निरुपयोगी! नामनिर्देशन तर मृत्यूनंतरचे. यास्तव समज शाबूत असतानाच, त्यांच्या इच्छेने, १८८२ च्या कायद्याप्रमाणे खाजगी विश्वस्तनिधी करावा. करणाऱ्याची स्मृती गेली तरी तो चालू राहतो. ठेवींची यादी सर्व भावंडांस द्यावी. बहिणींसही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. विलंब झाल्यास उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. तोवर औषधपाणी थांबत नाही, आणि मग थरथरता अंगठा कागदावर टेकविण्याचा मोह होतो. अशा घरांतील भावंडे पुढे एका पंक्तीस बसलेली आम्ही क्वचितच पाहिली.